आय५ की आय३? इंदूरमध्ये जुना डेस्कटॉप पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

"दीदी, आय-फाइव है, आँख मूँद के ले जाओ."

एका ओळखीच्या माणसाचं हे वाक्य ऐकून मी खरोखरच डोळे मिटले आणि मशीन घरी आणलं. भाची तेव्हा सीपीसीटीची तयारी करत होती. मध्य प्रदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, इथे बऱ्याच सरकारी कारकुनी जागांसाठी ही कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा लागते. तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "आत्या, हे सुरू होईपर्यंत माझे पोहे खाऊन होतात." खोटं नव्हतं. बटण दाबून क्लासचा डबा भरायला घेतला तरी पडद्यावर गोल फिरतच असायचा.

सहा महिन्यांनी माझ्या शिकवणीच्या कामासाठी दुसरं मशीन घेतलं. त्यात होता आय३. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, कारण "आय५ असताना आय३ कशाला?" आणि ते मशीन पहिल्या दिवसापासून सरसर चाललं.

मग मी हट्टाला पेटले. दोन रविवार दोन्ही कॅबिनेट उघडून बसले. याची एसएसडी (आत काहीही न फिरणारी, जलद डिस्क) त्यात, त्याची रॅम यात, असं करून पाहिलं. पहिल्या मशीनच्या रखडण्यात दोष प्रोसेसरचा नव्हताच. दुसऱ्याच्या चपळाईत मात्र थोडं श्रेय प्रोसेसरचंही होतं. ते किती, आणि बाकीचं कशाचं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पैसे आणि दोन रविवार वाचले असते.

हे दोन प्रोसेसर म्हणजे इंटेल कोअर आय५-२४०० आणि कोअर आय३-४१३०. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशीनांत हे सारखे भेटतात. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये फिरा नाहीतर कुणा मित्राच्या मित्राकडून घ्या, कधी ना कधी याच दोघांत निवड करायची वेळ येते.

निघण्यापूर्वी पिशवीत काय टाकायचं

- निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) चढवून. हे मशीनवर इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालतं, म्हणून तपासणीला याच्यासारखं दुसरं काही नाही.
- फोन आणि त्याची डेटा केबल. दुकानात इंटरनेट मागत बसायला नको.
- छोटी टॉर्च आणि स्टार स्क्रूड्रायव्हर.
- इअरफोन. पुढचे ऑडिओ पोर्ट मेलेले असतात आणि ते घरी आल्यावरच कळतं.
- घरच्या मॉनिटरच्या मागच्या पोर्टचा फोटो.

शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ऑफिसच्या ब्रँडेड मशीनला बहुधा व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असतात, घरच्या टीव्हीला किंवा मॉनिटरला एचडीएमआय. मग कन्व्हर्टरसाठी दुसरी चक्कर.

१. "आय५" ऐकलं की पुढचा आकडा विचारा

आय३, आय५, आय७ ही त्या-त्या पिढीतली पायरी. पिढी कोणती, ते त्यापुढच्या चार अंकी आकड्यातला पहिला अंक सांगतो. २४०० म्हणजे दुसरी पिढी, हा जानेवारी २०११ मध्ये आला. ४१३० म्हणजे चौथी पिढी, हा २०१३ च्या सप्टेंबरमधला. खालच्या आळीतला दुसरा मजला आणि टेकडीवरचा तळमजला यांत उंच कोण, हे मजल्याच्या आकड्यावरून ठरत नाही. "आय५ है" म्हणणारा फक्त मजला सांगत असतो.

आकडा पूर्ण ऐका, मागचं अक्षरसुद्धा. आय५-२४०० हा चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग), ३.१ गिगाहर्ट्झचा. पण आय५-२४००एस म्हटलं की मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झवर येतो. आय५-२३९०टी तर नावाला आय५ असून दोनच कोअरचा आहे. तसंच आय३-४१३०टी, ज्याचा वेग ३.४ ऐवजी २.९ गिगाहर्ट्झ. हे एस आणि टीवाले कमी वीज खाण्यासाठी बनवलेले, छोट्या चपट्या कॅबिनेटमध्ये सापडतात. वाईट नाहीत, पण बिनअक्षरी मालाच्या भावात घेऊ नका.

आणि आकडा तीनच अंकी निघाला, म्हणजे आय५-६५० वगैरे, तर तो पहिल्या पिढीचा माल. तिथून नमस्कार करून निघा.

दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर थांबू नका. मशीन सुरू करून बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) पडद्यावर बघा. प्रोसेसर सुटा घेत असाल तर त्याच्या धातूच्या झाकणावर इंटेलचा छोटा कोड कोरलेला असतो. आय५-२४०० वर एसआर००क्यू, आय३-४१३० वर एसआर१एनपी. झाकण घासल्यासारखं दिसलं किंवा कोड जुळला नाही, तर तो हातात धरायचीही गरज नाही.

२. दोघांची कुंडली

आय५-२४००: चार कोअर, चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), ३.१ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये (गरजेला आपोआप वाढणारा वेग) ३.४ पर्यंत. कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी जलद मेमरी) ६ एमबी. बनावट ३२ नॅनोमीटरची. उष्णतेचा आकडा ९५ वॅट. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ११५५. आतलं ग्राफिक्स (वेगळं कार्ड नसताना पडदा चालवणारं) एचडी २०००.

आय३-४१३०: दोन कोअर, चार थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ, टर्बो नाही. कॅश ३ एमबी. बनावट २२ नॅनोमीटरची. ५४ वॅट. सॉकेट ११५०. आतलं ग्राफिक्स एचडी ४४००.

दोघांनाही डीडीआर३ रॅम लागते.

कोअर म्हणजे शेगडी समजा. आय५ कडे चार शेगड्या. आय३ कडे दोनच, पण स्वयंपाकीण चलाख: एका शेगडीवरचं वरण मुरतंय तोवर त्याच आचेवर ती फोडणीची कढई फिरवून घेते. याला हायपरथ्रेडिंग म्हणतात. विंडोज त्या दोनच्या चार मोजून दाखवतं, म्हणून "ये भी चार कोर है" असं सांगणारे भेटतात. चार भांडी दिसतात, शेगड्या दोनच. चारही भांडी एकदम रटरट उकळायची असतील, तर खरे चार कोअरच पुढे राहतात.

मग आय३ ला चलाख का म्हणायचं? वेग दोघांचाही जास्तीत जास्त ३.४ गिगाहर्ट्झच. पण मधल्या दोन पिढ्यांत इंटेलने आतली रचना बदलली. घड्याळाच्या एका ठोक्याला चौथ्या पिढीचा कोअर दुसऱ्या पिढीच्या कोअरपेक्षा जास्त काम उरकतो. आणि आपली रोजची कामं, म्हणजे पान उघडणं, एक्सेलमध्ये शीट बदलणं, टॅलीत व्हाउचर टाकणं, बहुतेक एकाच कोअरच्या जिवावर चालतात. तिथे आय३-४१३० स्पष्ट पुढे. व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणं किंवा भलीमोठी फाइल दाबून छोटी करणं अशी चारही कोअरना जुंपणारी कामं आली, की आय५-२४०० पुढे निघतो. फार नाही, पण निघतो.

विजेबद्दल एक गैरसमज. "९५ वॅटवाला बिल वाढवेल" असं मलाही सांगितलं होतं. हा आकडा पूर्ण भार असताना निघणाऱ्या उष्णतेचा आहे, पंखा कोणता लावावा हे ठरवण्यासाठी. दोघांतला ४१ वॅटचा फरक रोज आठ तास पूर्ण भाराने धरला तरी दिवसाला जेमतेम तिसरा हिस्सा युनिट होतो, आणि टायपिंग करताना प्रोसेसर पूर्ण भाराच्या आसपासही नसतो. वीजबिलावरून निवड करू नका. मे महिन्यात बंद खोलीत मशीन ठेवणार असाल तर मात्र कमी तापणारा बरा, कारण पंख्याची घरघर कमी होते.

३. तुमचं काम कोणतं?

टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, टॅली, मुलांचे क्लास, यूट्यूब, बँकेचं काम: आय३-४१३०.

ग्राफिक्स कार्ड न लावता थोडंफार डिझाइन किंवा कॅड शिकायचंय: तरीही आय३-४१३०, आणि इथे फरक मोठा आहे. सॉफ्टवेअर ग्राफिक्सशी ज्या भाषांत बोलतं, त्यांतल्या डायरेक्टएक्स १०.१ आणि ओपनजीएल ३.१ वर एचडी २००० थांबतं. एचडी ४४०० डायरेक्टएक्स ११.१ आणि ओपनजीएल ४.३ पर्यंत जातं. नवीन सॉफ्टवेअर हळू चालणं वेगळं आणि "तुमचं ग्राफिक्स चालणार नाही" अशी पाटी दाखवून बंद पडणं वेगळं. एचडी २००० वर दुसरा अनुभव येतो. शिवाय ४१३० ला तीन पडदे जोडता येतात, २४०० ला दोन.

ए.व्ही.एक्स.२ नावाच्या सूचना ४१३० समजतो, २४०० नाही. काही नवीन गेम त्यांच्याशिवाय सुरूच होत नाहीत. आज तुम्हाला याचं काही देणंघेणं नसेल, पण घरात अकरावी-बारावीतला मुलगा असेल तर ते लवकरच होईल.

मग आय५-२४०० कुणी घ्यावा? तीन प्रकारचे लोक. ज्यांच्याकडे ११५५ सॉकेटचा चांगला बोर्ड आधीच आहे आणि त्यात जुना पेंटियम किंवा सेलेरॉन बसलाय, त्यांनी डोळे मिटून घ्यावा (हे वाक्य मी जपून वापरते). ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे आणि ज्यांना रात्रभर व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावायचेत, त्यांनीही. आणि तिसरे म्हणजे ज्यांना हे पूर्ण मशीन इतकं स्वस्त मिळतंय की उरलेल्या पैशात एसएसडी येते. माझा साधा नियम असा: दोन मशीनांतला फरक एका एसएसडीच्या किमतीहून जास्त असेल आणि महागात एसएसडी नसेल, तर स्वस्तातलं घ्या आणि एसएसडी लावा.

यूट्यूबबद्दल जाता जाता. नवीन व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबलेले असतात ती उलगडायची सोय २४०० च्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार कोअरवर येतो. १०८०पी चालतं, पण पंखा जोरात फिरतो. ब्राउझरमध्ये एच२६४ ही दाबण्याची जुनी पद्धत सक्तीने वापरायला लावणारं छोटं एक्स्टेंशन टाकलं की शांत होतो.

४. प्रोसेसर घेताना खरं म्हणजे तुम्ही बोर्ड घेता

नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. मीही.

११५५ आणि ११५० हे आकडे जवळचे वाटतात, प्रोसेसरही हातात घेतले तर जुळे भाऊ दिसतात. पण एकाच्या बोर्डावर दुसरा बसत नाही. कडेच्या खाचा वेगळ्या जागी आहेत, त्या मुद्दाम तशा ठेवल्यात. "थोडा दाब देकर लग जाएगा" असं कुणी म्हणालं तर त्याच्या हातातून आपली वस्तू काढून घ्या.

२४०० सोबत स्वस्तात बहुधा एच६१ बोर्ड येतो, ४१३० सोबत एच८१ (ही बोर्डावरच्या मुख्य चिपची, म्हणजे चिपसेटची नावं). एच६१ मध्ये जलद साटा (डिस्क जोडायचा पोर्ट) मुळात नाही. साटा ३ गिगाबिटवरच थांबतो, म्हणजे एसएसडी असली तरी तिचा पूर्ण वेग मिळत नाही. यूएसबी ३.० देखील चिपसेटमध्ये नाही. काही कंपन्यांनी वेगळी चिप लावून ते दिलं, बऱ्याच जणांनी नाही. एच८१ मध्ये ६ गिगाबिटचे दोन साटा पोर्ट आणि दोन यूएसबी ३.० असतात. एसएसडी लावताना ती या दोनपैकी एकात लागलीय ना, ते बघा. बाजूचे दोन पोर्ट जुन्या वेगाचेच असतात आणि घाईत माणसं तिथेच खुपसतात.

रोजच्या वापरात हा साटाचा फरक मला फार जाणवला नाही, खरं सांगते. मोठ्या फाइली पेनड्राइव्हवर टाकताना यूएसबीचा जाणवला. शिकवणीचे व्हिडिओ मुलांना द्यायचे तर एच६१ वर चहा करून येता येतो.

पुढे वाढवायची सोय कुणात किती? एच६१ वर बायोस अद्ययावत असेल तर तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० बसतो. एच८१ वर आय५-४५७०, आणि तो चार खरे कोअर व नवी रचना असे दोन्ही देतो. म्हणजे आज आय३-४१३० घेतलात तर दोन वर्षांनी तेवढा प्रोसेसर बदलून त्याच बोर्डावर चांगलं मशीन उभं राहतं. माझा कल आय३ कडे असण्याचं हे अर्धं कारण. एक सावधगिरी: एच८१ च्या सुरुवातीच्या बोर्डांना ४१५०, ४५९० असे नंतर आलेले प्रोसेसर ओळखायला नवा बायोस लागतो. आधी बायोस, मग खरेदी.

आता पिनांचं प्रकरण. या प्रोसेसरांना खाली पिना नसतात, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या. माझ्या पहिल्या मशीनमध्ये ४-४ जीबीच्या दोन रॅम होत्या, मोजायची ४ जीबी. देणाऱ्याने आधी "रॅम ढीली है" म्हणून सांगितलं, मग "विंडोज का लोचा है". शेवटी प्रोसेसर काढून टॉर्चच्या उजेडात बघितलं तर एका कोपऱ्यातल्या दोन पिना वाकलेल्या. रॅमचा अर्धा रस्ताच बंद. शिवणाच्या सुईने सरळ करण्याचा उद्योग मी केला आणि जमला, पण तुम्ही करू नका. एक पिन तुटली की बोर्ड गेला.

बाजारात याच दोन सॉकेटचे कमी नावाच्या कंपन्यांचे कोरे बोर्डही मिळतात, काहींवर एम.२ ची (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) जागाही असते. नवी वॉरंटी हा त्यांचा फायदा. जुन्या चांगल्या कंपनीचा वापरलेला बोर्ड की अनोळखी कंपनीचा कोरा, यात मी वॉरंटीचा कागद ज्याच्या हातात असेल त्याच्या बाजूने जाते.

ब्रँडेड ऑफिस मशीन घेत असाल तर एसएमपीएसकडे (आतला वीज पुरवणारा डबा) बघा. त्यातल्या अनेकांचे कनेक्टर बाजारातल्या साध्या एसएमपीएसपेक्षा वेगळे असतात. जळला तर तसाच शोधावा लागतो.

५. आधी एसएसडी, मग रॅम, मग प्रोसेसरचा विचार

माझ्या पहिल्या आय५ ची गोगलगाय झाली होती ती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे आणि अर्ध्या रॅममुळे. त्यात एसएसडी घातली, पिना सरळ झाल्या, आणि तेच मशीन भाचीने परीक्षा होईपर्यंत वापरलं. साध्या हार्ड डिस्कवर आय७ ठेवलात तरी विंडोज १० सुरू होताना रडवतं.

रॅम ८ जीबी हवीच, आणि शक्यतो ४-४ च्या दोन. दोन पट्ट्या जोडीने लावल्या की दोन्ही रस्ते वापरले जातात. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे त्यालाही फायदा. एच६१ आणि एच८१ दोन्हींना जास्तीत जास्त १६ जीबी चालते.

सापळा: ८ जीबीच्या काही अतिस्वस्त डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. त्यावर किंवा त्यांच्या जाहिरातीत कुठेतरी बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. इंटेलवर लावल्या की पडदा काळाच.

६. दुकानातली वीस मिनिटं

घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. चांगला दुकानदार वीस मिनिटं देतो, कधी चहाही देतो.

पेनड्राइव्ह लावा, त्यावरून मिंट सुरू करा. "सिस्टम रिपोर्ट्स" उघडलं की प्रोसेसरचा पूर्ण आकडा, बोर्डाचं नाव आणि रॅम एका जागी दिसतात. कागदावर लिहून घ्या, फोटो काढा. मग "डिस्क्स" नावाचा प्रोग्राम उघडून डिस्कची स्मार्ट माहिती बघा. ती किती तास चाललीय ते तिथे लिहिलेलं असतं, आणि खराब सेक्टर असतील तर तेही. दुकानदाराने विंडोज दाखवलं तर त्यात सीपीयू-झेड चालवूनही प्रोसेसर कळतो, पण मला माझ्या पेनड्राइव्हवर जास्त भरवसा.

फोन यूएसबीने जोडून टिदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) सुरू करा. यूट्यूबवर १०८०पीचे दोन व्हिडिओ दोन टॅबमध्ये लावून पंधरा मिनिटं सोडा. तेवढ्यात सगळे यूएसबी पोर्ट, ऑडिओ, लॅनची लाइट तपासून होतं. पंधरा मिनिटांत मशीन आपोआप बंद झालं, किंवा हात लावता येणार नाही इतकी गरम हवा मागून येऊ लागली, तर प्रोसेसर आणि पंख्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलीय नाहीतर पंखा गेलाय. दोन्ही दुरुस्त होतं, पण भाव त्याप्रमाणे सांगा.

मग बंद करून कॅबिनेट उघडायला लावा. बोर्डावर हे शोधा: फुगलेले कॅपॅसिटर (छोट्या डब्यांसारखे भाग; वरून सपाट हवेत, फुललेल्या पुरीसारखे नकोत), हिरवट गंज, सॉकेटच्या कडेला पेस्टचा चिखल. धूळ असायला हरकत नाही. उलट एकही धूळकण नसलेला बारा वर्षांचा बोर्ड बघितला की मला तो दुरुस्त होऊन आलाय असं वाटतं.

७. बिलावर काय लिहून घ्यायचं

- प्रोसेसरचा पूर्ण आकडा. नुसतं "आय५ डेस्कटॉप" नको.
- बोर्डाचं नाव आणि असेल तर सिरीयल नंबर.
- रॅम किती, डिस्क कोणती, तिचा सिरीयल नंबर.
- वॉरंटी किती दिवसांची आणि कशाकशावर. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे किती दिवस, ते आकड्यात.
- दुकानाचा शिक्का, तारीख, सही, जीएसटी नंबर.

ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तरी. मी ओळख म्हणून कागद घेतला नव्हता. पिना वाकल्याचं कळल्यावर "माझ्याकडून गेलं तेव्हा ठीक होतं" एवढंच उत्तर मिळालं, आणि त्यावर बोलायला माझ्या हातात काही नव्हतं.

८. विंडोजचं काय करायचं

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव अपडेट्सची योजना दिली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) सह चालतं. म्हणजे आपले दोघेही बाहेर. "विंडोज ग्यारह ओरिजिनल" म्हणून २४०० वर चढवून देणारे आहेत; ती तपासणी चुकवून केलेली जोडणी असते, चालते, पण पुढची मोठी अपडेट आपोआप येईल याची खात्री नाही. त्यासाठी जादा पैसे तर अजिबात देऊ नका.

ब्राउझर, यूट्यूब, लिबरऑफिस एवढंच काम असेल तर लिनक्स मिंटच ठेवा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत आणि दोन्ही प्रोसेसरवर हलकं चालतं. टॅली किंवा सरावाचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नसेल, तर विंडोज ठेवा, पण त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका. माझ्या घरी तशीच वाटणी आहे: आय५ वर विंडोज आणि सराव, आय३ वर मिंट आणि पैशांचं काम.

९. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

पहिलं काम, बोर्डावरची गोल बॅटरी बदला. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती मेलेली असली की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत. लोक याला व्हायरस समजून फॉरमॅट मारतात.

दुसरं, पंखा काढून पेस्ट बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी तुरीच्या डाळीएवढी, बास. ११५५ आणि ११५० दोन्हींना इंटेलचा तोच चार खुंट्यांचा पंखा बसतो. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा, टक् आवाज येईपर्यंत, आणि बोर्ड बाहेर काढून मागून चारही टोकं बाहेर आलीयत ना ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी पंखा एका बाजूने उचलला जातो, आणि मग मशीन तापून बंद पडलं की दोष बिचाऱ्या प्रोसेसरवर येतो.

तिसरं, वॉरंटीचे दिवस कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवसांत मशीन मुद्दाम भरपूर वापरा. दोन पोरं बसवा, दिवसभर चालू ठेवा. जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडू दे. पॅकिंगचा खोका, दुकानदाराने काढून ठेवलेली जुनी डिस्क, बिल, सगळं त्या तारखेपर्यंत एका जागी.